वाटेकरी म्हणता, तर हिशेबही दाखवा

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि नववीतली मुलगी. मे महिन्यात एका प्रदर्शनात मुळशीकडे शेती करणारं एक जोडपं भेटलं. आयटीतल्या नोकऱ्या सोडून, भाड्याने जमीन घेऊन विषमुक्त भाजी पिकवतात. "तुम्ही आमचं गिऱ्हाईक नाही, शेतीतले वाटेकरी," असं म्हणाले आणि मला ते फार आवडलं. २४ आठवड्यांचे १५,६०० रुपये आगाऊ भरायचे, दर शनिवारी भाजीची पिशवी घरपोच. मी भरले. माझ्या शब्दावर सोसायटीतल्या आणखी पाच घरांनी भरले.

जूनमधले आठवडे छान गेले. मग बिनसलं. जुलैत पालक आला तो चिखलासकट, निम्मा सडलेला. त्यानंतर ओळीने पाच शनिवार दुधी. त्यातला एक जहर कडू निघाला. मी ग्रुपवर फोटो टाकला तर उत्तर आलं, "देशी वाण आहे, थोडा कडवटपणा नैसर्गिक असतो." तीन शनिवार पिशवीच नाही. एकदा रस्ता बंद, एकदा "माणसं भातलावणीला गेली", एकदा नुसती शांतता. ऑगस्टच्या अखेरीला दोन आठवडे सगळ्या घरांना एकाच मापाचे चकचकीत कोबी आणि सिमला मिरची आली. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, "हा मार्केट यार्डातला माल आहे." एका शेजारणीने ग्रुपवर विचारलं, तर शेती करणाऱ्या दादांनी भलंमोठं लिहिलं की निसर्ग म्हणजे कारखाना नव्हे, जपानमध्ये तेइकेइ, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून माल घ्यायच्या पद्धतीत लोक मिळेल ते आनंदाने घेतात, शहरातल्यांना शेतकऱ्याचं दुःख कळत नाही. ती गप्प झाली. मीही गप्पच राहिले.

१४ आठवडे झालेत. पैसे परत मागू का? मागितले तर शेतकऱ्याच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल का? त्या पाच घरांना काय तोंड दाखवू? नवरा म्हणतो, मंडई काही बंद पडली नव्हती.

वैतागलेली, कोथरूड

उत्तर

मागा. सगळे नाही, पण मागा. आणि पैशांच्या आधी हिशेब मागा.

तुमची अडचण अशी झाली आहे की पावसाने झालेलं नुकसान, नियोजनाचा गोंधळ आणि संशयाचा माल हे सगळं एकाच पिशवीत आलं, त्यामुळे कशावर बोलावं आणि काय पोटात घालावं हे कळेना. दादांनी त्या सगळ्यावर "निसर्ग" अशी एकच चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी आधी काढू.

सडका पालक सोडून द्या. हे तुम्हाला आवडणार नाही, पण आगाऊ पैसे भरून शेतीत वाटा घेतला की पावसाचा फटकाही थोडा आपल्या वाट्याला येतो. नाहीतर त्याला वाटा कशाला म्हणायचं? बियाणं, मजुरी, मांडवाचे बांबू आणि तार हा सगळा खर्च पीक येण्याआधीचा. तो भागवायला शेतकऱ्याला सावकाराकडे जावं लागू नये म्हणून तुमची उचल असते. त्या बदल्यात जे पिकेल ते घ्यायचं. दुधीचंही तेच. वेल एकदा लागला की सगळीकडून एकदम लागतो आणि थांबवता येत नाही. पाच आठवडे दुधी येणं कंटाळवाणं आहे, फसवणूक नाही. थालीपिठात किसून घाला, वड्या करा, उरलेला खालच्या मजल्यावर द्या.

कडू दुधी मात्र या खात्यात बसत नाही. तिथे मला खरोखर राग आला. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एखाद्या वेलाच्या फळात ती भलतीच वाढली की फळ विषारी होतं, आणि शिजवल्याने तो विषारीपणा जाईलच असा भरवसा नाही. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव इथपर्यंत मजल जाते. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. दुधी चिरला की कच्ची चकती जिभेला लावून बघायची, कडू लागली तर थुंकायची आणि अख्खा दुधी कचऱ्यात टाकायचा, ही आपल्या आज्यांची सवय उगाच नव्हती. "देशी वाण आहे" हे कडूपणाचं उत्तर होऊच शकत नाही. तुमचा फोटो बघितल्याबरोबर त्यांनी सगळ्यांना "त्या वेलाचे दुधी खाऊ नका" असं कळवायला हवं होतं. दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल, हे फोनवर नक्की बोला.

आता नियोजन. इथे दादांची बाजू सगळ्यात लंगडी आहे.

मुळशी खोरं भाताचं. जुलैत तिथे जो पाऊस कोसळतो त्यात उघड्या वाफ्यावर पालक-मेथी टिकत नाही. मेथीचं बी वाहून जातं, पालकाची पानं चिखलाच्या माऱ्याने कुजतात. हे कळायला कृषी विद्यापीठात जावं लागत नाही, पौडच्या एसटी थांब्यावर कुणालाही विचारावं. भातलावणीला मजूर मिळत नाहीत हेही दरवर्षीचंच. म्हणजे ज्या दोन कारणांनी तुमचे आठवडे बुडाले, ती मे महिन्यात पैसे घेतानाच माहीत असायला हवी होती. माहीत असून सांगितली नसतील तर चूक. माहीतच नसतील तर जमीन नवी आहे, अनुभव कमी आहे, आणि शिकण्याचा खर्च तुमच्या पिशवीतून चालला आहे. तसं असेल तर तेही सांगावं. "आमचं पहिलंच वर्ष आहे, पावसात हाल होतील, म्हणून भाव कमी ठेवलाय" असं सांगून पैसे मागितले असते तर तुम्ही दिले असते की नाही? माझ्या अंदाजाने दिले असते.

बरं, पावसात त्या भागात काहीच येत नाही असंही नाही. अळू पावसातच रंगतो. मांडवावर दोडका, कारली, पडवळ चढतात. टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टुली या रानभाज्या तर न पेरता येतात आणि पुण्यात लोक त्या शोधत फिरतात. जुलैच्या पिशवीत अळूची जुडी, कर्टुली आणि टाकळा आला असता, सोबत टाकळा कसा निवडायचा याच्या दोन ओळी असत्या, तर तुम्ही हे पत्र लिहिलं नसतंत. (मुलीने टाकळा खाल्ला असता का, हा प्रश्न वेगळा. नववीतली मुलं दुधीही खात नाहीत.)

उघडीप मिळाल्यावर पुन्हा पालेभाजी सुरू व्हायला हवी होती. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते आणि मुळासकट उपटली की वाफा रिकामा होतो. कोथिंबिरीला आणखी आठ-दहा दिवस धरा. म्हणजे दर शनिवारी मेथीची जुडी द्यायची असेल तर दर आठवड्याला एक तरी वाफा पेरावा लागतो. घरच्यापुरती भाजी करणाऱ्याला याची गरज नसते, आणि अख्खं पीक एकदम तोडून बाजारात पाठवणाऱ्यालाही नसते. रतीब घालणाऱ्याला मात्र याच्याशिवाय भागत नाही. अशा शेतीतलं खरं कसब इथे लागतं, आणि नवखे लोक इथेच गाळात जातात. शेतावर जाल तेव्हा इमारतीइतके उंच आदर्श ऐकून घ्या, पण डोळे वाफ्यांवर ठेवा. काही वाफे कोंब फुटलेले, काही वीतभर, काही काढणीला आलेले असे दिसले तर गाडी रुळावर आहे. सगळं एकाच उंचीचं दिसलं तर पुढच्या महिन्यातही एक आठवडा पूर आणि तीन आठवडे दुष्काळ असणार.

जपानचं उदाहरण त्यांनीच काढलं, म्हणून त्याबद्दल थोडं लिहिते. तेइकेइ ही चळवळ १९७० च्या दशकात तिथे रुजली. शहरातली कुटुंबं, त्यातही बायका पुढे होत्या, विषारी फवारण्यांना कंटाळून थेट शेतकऱ्यांशी जोडल्या गेल्या. अमेरिकेत याच तऱ्हेचे पहिले शेतवाटे १९८६ मध्ये सुरू झाले. जपानच्या सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ साली तेइकेइची दहा तत्त्वं लिहून काढली. शेतातून आलेला सगळा माल घ्यायचा, हे त्यातलं एक तत्त्व आहे, दादा खोटं बोलत नाहीत. पण त्याच्या आधीचं तत्त्व असं, की काय आणि किती पिकवायचं हे शेतकऱ्याने घेणाऱ्यांशी बोलून आधी ठरवायचं. किंमत दोघांनी मिळून ठरवायची. कारभार सगळ्यांच्या मताने चालवायचा. गट पेलवेल एवढाच ठेवायचा. तुम्हाला दहातलं एकच ऐकवलं गेलं, तेही तुम्ही तोंड उघडल्यावर.

आपल्याकडे बटईने शेत दिलं की मालक पीक मोजायच्या वेळी खळ्यावर हजर असतो. अविश्वास म्हणून नाही, रीत म्हणून. किती पोती झाली, किती बी राखलं, किती उंदराने खाल्लं, सगळं दोघांसमोर होतं, आणि मग वाटे पडतात. तुम्हाला वाटेकरी केलं असेल तर खळ्यावर उभं राहायचा हक्क त्यातच आला. जोखीम वाटून घ्यायची पण माहिती द्यायची नाही, हा व्यवहार एकतर्फी झाला. त्यामुळे प्रश्न विचारणं म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणं, हे डोक्यातून काढून टाका. शेतकऱ्याबद्दल आदर असणं आणि १५,६०० रुपयांचं काय झालं हे विचारणं एकाच माणसाला एकाच वेळी जमू शकतं.

राहिला कोबी. सासूबाईंची नजर मी हलक्यात घेणार नाही. मुळशीच्या पावसात, ऑगस्टच्या अखेरीला, सहा घरांना एकाच मापाचे, एकही भोक नसलेले गड्डे? फवारणी न केलेल्या कोबीत अळी निघत नाही असं क्वचितच होतं. संशय रास्त आहे. पण संशय तो संशयच. कदाचित पुरंदर किंवा शिरूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतला असेल. तिकडे पाऊस कमी, पावसाळ्यात भाजी निघते. तसं असेल तर वावगं नाही, फक्त सांगायला हवं होतं. यार्डातून आणून "आपल्या शेतातलं विषमुक्त" म्हणून पिशवीत घातलं असेल, तर मात्र इतका वेळ मी जी समजूत दाखवते आहे ती संपली.

विषमुक्तपणाचा दाखला मागावा का, हेही तुमच्या मनात असेल. मागा, पण समजून मागा. सेंद्रिय म्हणून विकायचं तर एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, यात बाहेरची संस्था तपासणी करते) किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. पीजीएसमध्ये आसपासचे शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर मात्र त्याला या सक्तीतून सूट आहे. म्हणून कागद नाही याचा अर्थ खोटारडा असा होत नाही. एनपीओपीत हंगामी पिकांच्या जमिनीला रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळायला साधारण दोन वर्षं रूपांतराची धरतात, त्यामुळे "जमीन कधी घेतली, आधी तिथे काय होतं, शेवटची फवारणी कधी झाली" हे तीन प्रश्न कागदापेक्षा जास्त सांगून जातील. सरळ माणूस त्यांची उत्तरं तिथल्या तिथे देतो.

आता करायचं काय. ग्रुपवर काहीही लिहू नका. चारचौघांत माणूस आपली इज्जत सांभाळायला भाषण करतो, ते तुम्ही एकदा बघितलंत. आधी घरी बसून व्हॉट्सअॅपचे फोटो वर-खाली करा आणि १४ शनिवारी काय काय आलं ते वहीत लिहा. मग फोन करा, शक्यतो त्या जोडप्यातल्या ताईंना. का कोण जाणे, पण अशा जोडप्यांत भाषण एक करतो आणि वही दुसरीकडे असते. साधारण असं बोला:

"ताई, भांडायला फोन केलेला नाही. पावसात पालक गेला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तीन शनिवार पिशवी आली नाही त्याचं काय करायचं, ते आपण ठरवू. कोबी आणि सिमला मिरची आपल्या शेतातली होती का? नसेल तर कुठली, तेवढं सांगा. आणि पुढच्या दहा आठवड्यांत काय निघणार आहे? कुठल्या वाफ्यात काय लावलंय ते बघायला रविवारी आम्ही येतो."

एवढंच. मग थांबा आणि ऐका. फोन झाल्यावर ठरलेलं सगळं एका संदेशात लिहून पाठवा, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" होत नाही.

उत्तर सरळ आलं, "हो ताई, कोबी बाहेरून घेतला, लाज वाटली म्हणून बोललो नाही" असं आलं, तर माझा सल्ला आहे की सोडू नका. थोडा हिशेब बघा. तुम्ही वर्षातले सगळ्यात वाईट आठवडे सोसून झालात. चांगले दिवस आता येतील: मेथी, मुळा, पावटा, गाजर, मटार, हरभऱ्याची कोवळी भाजी. आत्ता उठलात तर पावसाचा वाटा घेऊन हिवाळ्याचा सोडल्यासारखं होईल. त्यांना म्हणा, ऑक्टोबरअखेरपर्यंत रतीब बंद ठेवा, नीट लागण करा, आणि उरलेले १० आठवडे अधिक बुडालेले ३ असे १३ आठवडे नोव्हेंबरपासून द्या. त्यांच्या खिशातून काही जात नाही, तुम्हाला भाजी मिळते. बाहेरून आणलेल्या दोन आठवड्यांचं काय, ते त्यांच्यावर सोडा. काय देतात त्यावरून माणूस कळेल.

उत्तर टोलवाटोलवीचं आलं, किंवा पुन्हा निसर्गावर व्याख्यान झालं, तर उरलेल्या १० आठवड्यांचे ६,५०० आणि बुडालेल्या ३ आठवड्यांचे १,९५० असे ८,४५० रुपये मागा. बहुतेक रोख शिल्लक नसेल, जूनमध्येच मातीत गेली असेल. दोन-तीन हप्त्यांत घ्या. भात केलं असेल तर नव्या तांदळाच्या रूपात फेडायलाही हरकत नाही. मुळशीचा आंबेमोहोर कुणी नाकारत नाही.

आणि दोन्हीला नकार आला तर? तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील करायलाच हवा असंही नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे भरल्याची नोंद आणि ग्रुपवरचे संदेश जपून ठेवा, ग्रुपमधून काढलं जाण्याआधी. तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही. पण दार कुठे आहे हे माहीत असलं की माणूस फोनवर घाबरत बोलत नाही.

त्या पाच घरांबद्दल. तुम्ही त्यांना फसवलेलं नाही, तुम्हीही त्याच पिशवीतला सडका पालक निवडत होता. पण पुढाकार तुमचा होता, म्हणून बोलायचा पुढाकारही तुमचाच. एकेकीला जिन्यात गाठून खुलासे देत बसू नका. सगळ्यांना संध्याकाळी चहाला बोलवा, वहीतला हिशेब समोर ठेवा आणि फोन करायचं ठरलंय ते सांगा. आपल्या खिशातून कुणाचे पैसे भरून देऊ नका. तसं केलंत की चूक तुमची होती असा शिक्का बसतो आणि शेतावरची माणसं सुटतात. ग्रुपवर विचारणारी ती शेजारीण आहे ना, तिला रविवारी सोबत न्या. तिने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा तुमच्यासकट सगळे गप्प बसले, याचं तिला वाईट वाटलं असणार.

सहा घरं एकत्र आहात ही मोठी जमेची बाजू आहे. मुंबई ग्राहक पंचायतीत १९७५ पासून शेजारपाजारची कुटुंबं गट करून महिन्याचा माल एकत्र घेतात, वाटपाचं कामही सभासदच करतात. तुम्हीही शनिवारची पिशवी घरपोच न मागता एकाच घरी उतरवून घ्या आणि आपसात वाटा. दादांचं पेट्रोल वाचेल, आणि ज्यांना दुधी नको त्यांचा दुधी तिथल्या तिथे हवा असणाऱ्यांकडे जाईल.

पुढच्या वर्षाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. २४ आठवड्यांचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. जून ते सप्टेंबर सुट्टी ठेवणारा शेतकरी शोधा. तो आळशी नसतो, त्याला आपली जमीन कळलेली असते. वाटा अर्धा घ्या, चार माणसांना पुरतो. बाकीची भाजी आठवडी बाजारातून आणा. २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्यापासून शेतकरी थेट बसतात असे बाजार शहरात जागोजागी भरतात. तिथे नवऱ्याला पाठवा, मंडई बंद पडली नव्हती म्हणतात ना ते.

रविवारी शेतावर जाताना सासूबाईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवा. आणि कोबीचं काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा.